ग्रहण पाहणारे डोळे

मुकुटबन हें नांव आपल्यापैकीं बहुतेकांनीं ऐकलें नसेल. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, वणीच्या खालीं, पैनगंगेच्या अलीकडच्या मुलखांत हें गांव आहे. कापूस, चुनखडी, कोळसा आणि अलीकडचा सिमेंटचा कारखाना ह्यांपलीकडे त्याची आठवण काढण्याचें कोणाला कारण पडत नाहीं. मी त्या भागांत आयुष्यभर शाळामास्तरकी केली. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां आज मी जें सांगणार आहें तें ज्योतिर्विदाच्या किंवा नेत्रवैद्याच्या अधिकारानें नव्हे. सूर्यग्रहण पाहतांना माणसांनीं आपले डोळे कसे सांभाळले आणि कसे गमावले, ह्याचा थोडा इतिहास मीं जमविला आहे. तो जमविण्याला एक खाजगी कारण घडलें. तें पुढें ओघानें येईलच.

शके १८१९ च्या पौष अमावास्येला, म्हणजे २२ जानेवारी १८९८ रोजीं, शनिवारीं दुपारीं खग्रास सूर्यग्रहण झालें. मुंबई-पुण्याकडे त्या दिवसांत प्लेगानें कहर मांडला होता. अशा दिवसांत चंद्राच्या गडद छायेचा पट्टा कोंकणांत विजयदुर्गाच्या बाजूनें हिंदुस्थानांत शिरला आणि सोलापुराकडून वऱ्हाडांत, तेथून नागपूर प्रांतावरून पुढें शहाडोल व बक्सरकडे निघून गेला. ह्या पट्ट्यावर जागोजाग दुर्बिणी रोवून देशोदेशींचे विद्वान् बसले होते. विजयदुर्गाला सर नॉर्मन लॉकियर व त्यांच्या मदतीला लढाऊ जहाजावरचे खलाशी. करमाळ्याजवळच्या जेऊर स्टेशनावर अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कँपबेल, आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे आपले कावसजी दादाभाई नायगामवाला. वर्धा नदीच्या कांठीं पुलगांवला केंब्रिजचे न्यूऑल व कॅप्टन हिल्स उतरले होते. पुलगांवच्या शेजारचें छोटेसें स्टेशन तळणी; तेथें ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी होती. त्यांत जॉन एव्हरशेड होते, तसेंच माँडर पतिपत्नीहि होतीं. अॅनी माँडर ह्या बाईंनीं एका लहानशा भिंगाच्या कॅमेऱ्यानें सूर्याच्या प्रभामंडलाचा असा लांब किरण टिपला, कीं तोंपर्यंत तेवढा लांब किरण कोणाच्याहि छायाचित्रांत आला नव्हता. थंडीचे दिवस, निरभ्र आकाश. सर्वांचें काम फत्ते झालें.

पुलगांवाहून मुकुटबन कावळ्याच्या वाटेनें सुमारें सत्तर मैल. परंतु ह्या सत्तर मैलांनीं सारा फरक पडला. पुलगांवच्या माणसाला सुमारें दोन मिनिटें सूर्य पुरता झांकलेला दिसला. मुकुटबन पट्ट्याच्या बाहेर राहिलें, तेथें सूर्याची एक बारीक कोर शेवटपर्यंत उरली असली पाहिजे. ऐकणाऱ्याला वाटेल, पुलगांवला जें मिळालें तें थोडें कमी प्रमाणांत मुकुटबनला मिळालें. डोळ्यांच्या हिशेबानें तसें नाहीं. सूर्यबिंब पूर्ण झांकलें गेलें म्हणजे त्या दोन मिनिटांपुरतें उघड्या डोळ्यांनीं वर पाहण्यांत कांहीं धोका नसतो. एक केसाएवढी कोर उरली, तर एका क्षणाचीहि मोकळीक नाहीं. म्हणजे "जवळ जवळ खग्रास" हीच डोळ्यांना सर्वांत अधिक फसविणारी स्थिति.

आतां थोडें विषयांतर करतों. विजयदुर्गाच्या किल्ल्यांत आजहि कांहीं ओटे दाखवितात व त्यांस "साहेबाचे ओटे" म्हणतात. ह्याच जागेवरून लॉकियरनें १८६८ सालीं हेलियमचा शोध लावला, असें तेथें सांगतात. १८ ऑगस्टला त्याचा उत्सवहि होतो. लोकांचा आनंद मोडण्याची मला हौस नाहीं, पण इतिहास शिकविणाऱ्यानें तिथि-वार तरी नीट सांगावे. १८ ऑगस्ट १८६८ चें खग्रास ग्रहण आपल्या दक्षिणेकडच्या मुलखावरून गेलें हें खरें. लेफ्टनंट जॉन हर्शेल तेव्हां पटवर्धनांच्या जमखंडीला होते, आणि फ्रेंच ज्योतिषी जान्सेन गुंतुरला. लॉकियर मात्र इंग्लंडांतच होते. त्या सालच्या २० ऑक्टोबरला त्यांनीं ग्रहणावांचूनच सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला, आणि त्यांतील पिंवळ्या रेषेवरून पुढें हेलियमचें नांव निघालें. विजयदुर्गाला ते आले ते तीस वर्षांनीं, १८९८ सालीं. तेव्हां ओटे त्या वेळचे असणें अधिक संभवनीय.

हें विषयांतर अगदींच अस्थानीं नाहीं. जान्सेन काय नि लॉकियर काय, ह्या लोकांनीं सूर्याकडे टक लावून शोध लावलेले नाहींत. त्यांनीं सूर्याचा प्रकाश फटींतून घेतला, लोलकांतून फांकविला आणि मग त्याचा एक मंद पट्टा पाहिला. ज्याचा धंदाच सूर्य पाहण्याचा, तो सूर्याकडे सरळ असा क्वचितच पाहतो. त्या काळच्या मोहिमांत प्रभामंडलाचें चित्र काढणाऱ्यांचे डोळे खग्रासापूर्वी कांहीं मिनिटें फडक्यानें बांधून ठेवीत, म्हणजे पट्टी सुटल्यावर त्यांना मंद प्रकाशहि स्पष्ट दिसावा. ग्रहण पाहण्यासाठीं सातासमुद्रांपलीकडून आलेला मनुष्य ग्रहण चालू असतां डोळे बांधून उभा, हें चित्र मला फार बोलकें वाटतें.

आपल्याकडील जुन्या ज्योतिषांना सूर्याच्या तेजाची पुरी जाणीव होती. सूर्यसिद्धांतांत असें सांगितलें आहे कीं चंद्राचा बारावा भाग जरी ग्रासला तरी तो दिसून येतो, पण सूर्य तीन कलांपर्यंत ग्रासला तरी त्याच्या तीक्ष्णपणामुळें तो ग्रास दिसत नाहीं. सूर्याचें बिंब सुमारें बत्तीस कलांचें. म्हणजे जवळ जवळ दशांश भाग खाल्ला गेला तरी डोळ्याला पत्ता नाहीं. हें ज्यानें लिहिलें त्यानें डोळे दिपवून घेऊनच लिहिलें असेल. पुढें कोंकणांत नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं शके १४४२ मध्यें ग्रहलाघव रचला, आणि त्यावरून गांवोगांवचे जोशी स्पर्श, मध्य व मोक्ष ह्यांच्या घटका मांडूं लागले. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे तर आमच्याच पेशांतले, शिक्षक. त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ सालीं प्रसिद्ध झाला, आणि १८९८ च्या त्या ग्रहणानंतर तीन महिन्यांच्या आंतच ते निवर्तले. गणिताची अशी अखंड परंपरा आपल्यापाशीं होती. पण गणित जोशांच्या पंचांगांत राहिलें, आणि घरोघर राहिले ते ग्रहणाचे नियम: जेवूं नये, चिरूं-कापूं नये, बाहेर पडूं नये. "वेध" ह्या एकाच शब्दाचे आपल्या भाषेंत दोन अर्थ झाले आहेत. ज्योतिषी वेध घेतो तो पाहण्यासाठीं. आपल्या घरांत वेध लागतात ते न पाहण्यासाठीं. दार लावून बसणाऱ्या माझ्या आजीचे डोळे शाबूत राहिले, हें मी नाकारीत नाहीं. मात्र तिनें जन्मांत एकहि ग्रहण पाहिलें नाहीं.

पाहण्याची रीत अगदीं नव्हती असेंहि नाहीं. परातींत पाणी घेऊन, त्यांत हळद किंवा शेण कालवून, त्यांत पडलेलें सूर्याचें प्रतिबिंब पाहत. हीच युक्ति प्लेटोच्या एका संवादांत सॉक्रेटिसाच्या तोंडीं आहे: ग्रहणांत सूर्याकडे पाहणारे कित्येक लोक डोळे बिघडवून घेतात, म्हणून प्रतिबिंब पाण्यांत पाहावें. अथेन्सचा तत्त्वज्ञ आणि वऱ्हाडांतली आजीबाई ह्यांचें असें एकमत पाहून मला फार दिवस अभिमान वाटे. पुढें एकदां हिशेब करून पाहिला आणि तो ओसरला. सूर्य डोक्यावर असतां पाणी त्याच्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकीं दोन भाग परत फेंकतें. म्हणजे तेज पन्नास पटींनीं कमी झालें. आणि आज जे ग्रहणाचे चष्मे प्रमाण मानले जातात, त्यांतून एक लाख भागांपैकीं फार तर तीन भाग जातात. पन्नास पट कोठें आणि तीस हजार पट कोठें! हळदीनें पाण्याचा रंग बदलतो, पण प्रतिबिंब पृष्ठभागावरून येतें. तें जसेंच्या तसें राहतें. परातींतलें ग्रहण एकदां डोळा लवतो इतकाच वेळ पाहिलें तर गोष्ट वेगळी. तिच्यावर वांकून बसणें धोक्याचेंच.

डोळ्याला नेमकें होतें काय? डोळ्याचें भिंग सूर्याची चिमुकली प्रतिमा मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर टाकतें. ह्या पटलाला वेदना कळविणारे तंतु नाहींत. बोटाला चटका बसला तर बोट आपोआप मागें येतें. येथें इजा होत असतां माणूस मजेनें पाहत राहतो. कांहीं तासांनीं, पुष्कळदां दुसऱ्या दिवशीं सकाळीं, ज्या वस्तूकडे पाहावें नेमकी तीच पुसट होते आणि तिच्या आजूबाजूच्या वस्तु स्वच्छ दिसतात. कारण आपण जिच्यावर नजर रोखतों तिची प्रतिमा पटलाच्या मध्यबिंदूवर पडते, आणि बिघडलेला असतो तो मध्यबिंदुच. पूर्वीं ही इजा नुसती भाजण्याची समजत. आतां असें ठरलें आहे कीं निळ्या-जांभळ्याकडच्या किरणांनीं पेशींत जो रासायनिक बिघाड होतो तो मुख्य, आणि उष्णता त्याला हातभार लावते. कांहींचे डोळे आठवड्यांनीं वा महिन्यांनीं निवळतात. कांहींचा डाग जन्मभर राहतो. त्यावर खात्रीचा उपाय अद्यापि नाहीं.

रोजच्या सूर्याकडे कोणी टक लावीत नाहीं. डोळे मिटतात, पाणी येतें, बाहुली बारीक होते. खंडग्रासांत ऊन पिठूर चांदण्यासारखें मंद होत जातें, बाहुली मोठी होते, डोळे दिपण्याचें भय वाटेनासें होतें. पण उरलेली कोर कितीहि बारीक असो, तिच्या दर तिळाएवढ्या भागाचें तेज भर दुपारच्या सूर्याइतकेंच असतें. १७ एप्रिल १९१२ चें ग्रहण जर्मनींत बहुतेक ठिकाणीं असेंच खंडग्रास होतें. शिकल्या-सवरल्या, वर्तमानपत्रें वाचणाऱ्या त्या देशांत त्या एका दिवसानें सुमारें साडेतीन हजार लोकांचे डोळे बिघडविले, असा नेत्रवैद्यांचा अंदाज आहे. आणि न्यूटनाहून शहाणा मनुष्य कोण सांगावा? त्यानें तरुणपणीं आरशांतला सूर्य पाहण्याचे प्रयोग केले. पुढें जिकडे पाहावें तिकडे त्याला सूर्यच दिसूं लागला. शेवटीं दृष्टि ताळ्यावर आणण्यासाठीं त्यानें स्वतःला तीन दिवस अंधाऱ्या खोलींत कोंडून घेतलें. ही हकीकत त्यानेंच १६९१ सालीं जॉन लॉक ह्यास पत्रानें कळविली आहे.

ही हकीकत मला फार उशिरां वाचावयास मिळाली.

१६ फेब्रुवारी १९८० रोजीं शनिवार होता. छाया कारवार-रायचुराकडून हैदराबादच्या दक्षिणेनें ओरिसाकडे जाणार होती. आमच्याकडे ग्रहण खंडग्रास, पण मोठ्या ग्रासाचें. मुंबईसारख्या शहरांत त्या दुपारीं रस्ते ओस पडले होते. मी एकवीस वर्षांचा, एका खेडेगांवच्या शाळेंत नुकताच लागलेला. मुलांनीं घरांत दडून बसावें हें मला खपेना. तावदानाच्या फुटक्या कांचा गोळा केल्या, त्यांच्या कडा घांसल्या, रात्रीं रॉकेलच्या चिमणीवर धरून त्यांवर काजळी धरली. सकाळची शाळा सुटल्यावर सातवीच्या मुलांना दुपारीं पुन्हां बोलावलें आणि एकेकाला एकेक कांच दिली. मला आपण मोठें शास्त्राचें काम करीत आहोंत असें वाटत होतें. मुलें दीड तास आळीपाळीनें पाहत होतीं. पांखरें झाडांवर परतलीं, सांवल्या विचित्र झाल्या, आणि आम्ही सारे टाळ्या वाजवीत होतों.

सोमवारीं एका मुलाला फळ्यावरचा शब्द वाचावयास सांगितला. तो म्हणाला, "गुर्जी, मधलं अक्षर नाहीं दिसत." मीं त्याला दरडावलें. दुसऱ्या दिवशीं त्याची आई शाळेंत आली. तालुक्याच्या दवाखान्यांत नेलें, मग नागपूरला. डॉक्टर म्हणाले, थांबून पाहावें. चार-सहा महिन्यांत डावा डोळा पुष्कळ निवळला. उजव्यांतला डाग गेला नाहीं. मुलगा पुढें शिंपी झाला. अजून तो सुईंत दोरा ओवतांना मान किंचित् वांकडी करतो, म्हणजे सुई त्या डागाच्या बाजूला येते. त्यानें कीं त्याच्या आईनें मला कधीं एक शब्द बोलून दाखविला नाहीं. एकदांच, मीं विषय काढला तेव्हां, तो म्हणाला, "गुर्जी, कांच त काळीच होती."

कांच काळीच होती, आणि सारी गफलत तेथेंच आहे. काजळी सर्वत्र सारखी धरत नाहीं. कोठें दाट, कोठें विरळ; आणि मुलाच्या घामेजल्या बोटाचा ठसा उमटला कीं तेवढी कांच उघडी. शिवाय एखादी वस्तु डोळ्याला काळी दिसते म्हणून ती न दिसणारे किरणहि अडविते असें नाहीं. उन्हाचे रंगीत चष्मे, एक्स-रेचे जुने पडदे, रंगीत फिल्मच्या पट्ट्या ह्या सर्वांत हाच दोष. आज भरंवशाच्या वस्तु दोनच: धातूचा थर दिलेले प्रमाणित ग्रहण-चष्मे, ज्यांवर ओरखडा वा छिद्र नाहीं असे, आणि लोखंड सांधणाऱ्या वेल्डरची चौदा नंबरची कांच. तो चष्मा घालून दुर्बिणींतून पाहणें म्हणजे मात्र आत्मघात. दुर्बीण गोळा केलेल्या उन्हानें चष्मा जाळील आणि मग डोळा.

पण त्या दोन वस्तूंवांचूनहि ग्रहण पाहतां येतें, आणि तें आपल्या प्रत्येकाच्या घरांत पूर्वींपासून होत आलें आहे, हें कळल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. कौलांच्या फटींतून माजघरांत जो गोल कवडसा पडतो तो फटीच्या आकाराचा नसतो. तें सूर्याचें चित्र असतें. फट वांकडी-तिकडी असो, कवडसा गोलच. ग्रहणांत तोच कवडसा कोरीसारखा होतो. कडुनिंबाखालीं तर अशा शेंकडों कोरी जमिनीवर पडतात. पोस्टकार्डाला दाभणानें भोंक पाडून पाठ सूर्याकडे करावी आणि भोंकांतून आलेला प्रकाश पांढऱ्या कागदावर घ्यावा. हिशेब सोपा आहे: नऊ फुटांच्या अंतरावर सूर्याचें चित्र एक इंचाचें होतें. त्याहून मोठें हवें तर आरशावर कागद चिकटवून मध्यें वाटाण्याएवढी जागा मोकळी ठेवावी, आणि त्याचा झोत अंधाऱ्या खोलींतल्या भिंतीवर टाकावा. तीस फुटांवर साडेतीन इंचांच्या जवळपास चित्र मिळतें. सबंध वर्ग एकदम पाहूं शकतो. एकच पथ्य: त्या आरशांत कोणीं डोकावूं नये. गॅलिलिओच्या काळीं त्याचा शिष्य कास्तेल्ली ह्यानें दुर्बिणींतला सूर्य कागदावर घेण्याची जी पद्धत काढली, ती ह्याच कुळांतली.

२४ ऑक्टोबर १९९५ रोजीं, ऐन दिवाळींत, सकाळीं ग्रहण आलें. खग्रास तें राजस्थान ते बंगाल, आमच्याकडे खंडग्रास. त्या वेळीं देशभर ग्रहण-चष्मे मिळूं लागले होते, पण मीं ते घेतले नाहींत. शाळेला सुटी होती, तरी माझ्या अंगणांत पांढरें धोतर अंथरलें आणि वर चाळणी धरली. धोतरभर कोरीच कोरी. पोरें सूर्याकडे पाठ करून उभीं होतीं. तो शिंपीहि आपल्या लहान मुलीला घेऊन आला होता. त्यानें अगोदर तिला माझ्या हातीं दिलें, मग स्वतः धोतराजवळ उकिडवा बसला आणि मान वांकडी करून बराच वेळ पाहत राहिला. वर पाहण्याची त्यानें एकदांहि इच्छा दाखविली नाहीं. २२ जुलै २००९ च्या पहांटे आम्ही पुन्हां जमलों, पण आषाढाच्या ढगांनीं कांहींच पाहूं दिलें नाहीं. खग्रासाच्या पट्ट्यांतल्या सुरतेकडेहि तीच निराशा झाली.

आतां २ ऑगस्ट २०२७ रोजीं, सोमवारीं, दुपार उलटल्यावर महाराष्ट्रांतून खंडग्रास ग्रहण दिसावयाचें आहे. दिवस पुन्हां पावसाळ्याचे. पातळ ढगांतून सूर्य चंद्रासारखा सौम्य दिसूं लागला म्हणजे वर पाहण्याचा मोह होतो, आणि ढग कधीं सरकेल ह्याचा नेम नसतो. तेव्हां पाठ फिरविलेलीच बरी. सूर्य पश्चिमेकडे कललेला असेल, म्हणून पूर्वेची भिंत मोकळी व शक्य तर चुन्यानें पांढरी करून ठेवावी. परवां तो शिंपी दुकानाबाहेर भेटला. त्याची ती मुलगी आतां स्वतः शिक्षिका आहे. त्यानें विचारलें, "गुर्जी, चाळणी कोणती आणू? पिठाची?" मीं सांगितलें, पिठाचीचीं भोंकें फार बारीक नि दाटीचीं, चित्रें एकमेकांत मिसळतात, गव्हाची आण.